बंदुकीच्या बदल्यात शिवणयंत्र

१७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालत असे. त्यामुळे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील हा देश आपणांस अगदीच परका नाही. २५ जून १९७५ रोजी पोर्तुगीज सत्तेतून तो मुक्त झाला आणि अवघ्या दोन वर्षांत सत्ताधारी फ्रेलिमो व बंडखोर रेनामो यांच्यात यादवी पेटली. तीत सुमारे १० लाख माणसे प्राणांस मुकली. कित्येक कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका देऊन त्यांना आपल्याच लोकांवर सोडण्यात आले.

१९९० साली रोममध्ये सांत एजिदिओ या कॅथलिक प्रापंचिकांच्या संघाने दोन्ही पक्षांना एकत्र बसविले. बैराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस मध्यस्थांपैकी एक होते. सव्वादोन वर्षांच्या वाटाघाटींनंतर ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, संत फ्रान्सिस आसिसीकर यांच्या सणादिवशी, करारावर सह्या झाल्या.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. ज्याने घर जाळले, तोच आता शेजारी म्हणून परतणार होता. सरकारने सर्वांना माफी दिली. खटले चालले नाहीत. मग गावांनी आपली वाट आपणच शोधली. अनेक ठिकाणी परतलेल्या मुलाचे रणांगणावरचे कपडे जाळीत, त्याला स्नान घालीत, पूर्वजांना त्याच्या येण्याची वर्दी देत आणि मगच तो घरचा होई. चर्चमधूनही समेटाची शिकवण दिली जात होती.

१९९५ साली अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने तेथील ख्रिस्ती मंडळाने आणखी एक पाऊल टाकले. जो शस्त्र आणून देईल, त्याला शिवणयंत्र, सायकल वा शेतीची अवजारे मिळू लागली. तलवारींचे फाळ करण्याचे यशया संदेष्ट्याचे स्वप्न असे व्यवहारात उतरले. मोडलेल्या बंदुकांतून कलावंतांनी शिल्पे घडविली. त्यांतील २००१ सालचे एक सिंहासन आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तरीही २०१३ च्या सुमारास पुन्हा चकमकी झडल्या आणि २०१९ मध्ये नवा करार करावा लागला. उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून वेगळाच हिंसाचार उसळला. तेथील किनाऱ्याजवळच्या समुद्रात नैसर्गिक वायूचे विपुल साठे सापडले, पण स्थानिक तरुणांच्या हाताला काम मिळाले नाही, हे त्यामागील एक कारण सांगितले जाते. बंदूक खाली ठेवणाऱ्याला गावात स्थान आणि हाताला अवजार हवे, हे मोझांबिकच्या खेड्यांनी ओळखले होते. राज्यकर्त्यांना मात्र त्याचा विसर पडला.