बुडालेल्या जहाजांचे सर्वेक्षण : हौशी पाणबुड्यांनी घ्यावयाची दक्षता

समुद्रतळाशी विसावलेली जहाजे संशोधकांना आणि हौशी पाणबुड्यांना सारखीच आकर्षित करतात. गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली उतरण्यास योग्य असा काळ साधारणपणे ऑक्टोबर ते मे एवढाच असल्याने दोघांचाही हंगाम एकच असतो. त्यामुळे सर्वेक्षणाची पूर्वसूचना मिळवणे ही सुरक्षित बुडीची पहिली अट ठरते.

दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून सुंची रीफ येथील जहाजाचा शोध घेतला. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात सापडले. ग्रँड बेटाजवळील सेंट जॉर्ज रीफ येथे मिळालेल्या कौलांवर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव व १८६५ हे वर्ष कोरलेले होते. त्यावरून ते जहाज त्यानंतरच बुडाले असल्याचे स्पष्ट झाले. ग्रँड बेटाचा परिसर हौशी पाणबुड्यांमध्येही लोकप्रिय आहे.

अशा सर्वेक्षणात साइड स्कॅन सोनार आणि मॅग्नेटोमीटर ही उपकरणे लांब केबलच्या साहाय्याने नौकेमागे ओढली जातात. नौका समांतर रेषांत संथ गतीने जाते. केबलमुळे तिला एकाएकी वळता किंवा थांबता येत नाही. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असल्याने इंजिनाचा आवाज नेमका कोणत्या दिशेने येतो, हे पाणबुड्याला ओळखता येत नाही. आवाजावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे असते.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हालचालींवर मर्यादा असलेली नौका दिवसा गोल, चौकट व गोल अशा तीन काळ्या आकृत्या एकाखाली एक लावते. रात्री त्याच क्रमाने लाल, पांढरा व लाल दिवा असतो. पाण्यात पाणबुडे असल्याची खूण म्हणजे पांढऱ्या व निळ्या रंगाचा ‘ए’ ध्वज. हौशी पाणबुड्यांच्या नौकेनेही तो ठळकपणे लावणे आवश्यक आहे.

डेहराडून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयामार्फत नाविकांसाठी पाक्षिक सूचना, तसेच हिंदी महासागरातील ‘नॅव्हएरिया ८’ क्षेत्राचे इशारे प्रसृत केले जातात. बुडी आयोजित करणाऱ्यांनी त्या पाहाव्यात, बंदर प्राधिकरणाकडे चौकशी करावी आणि सर्वेक्षण नौकेशी व्हीएचएफ रेडिओवरून संपर्क साधून बुडीची जागा व वेळ कळवावी. सर्वेक्षण सुरू असल्यास दुसरी जागा निवडणे इष्ट.

पाण्याखाली असताना नौका जवळ येत असल्याचे जाणवल्यास बुडी आटोपती घ्यावी. मात्र घाईने वर येऊ नये. नेहमीच्या संथ गतीनेच वर यावे, अन्यथा रक्तात व ऊतींमध्ये वायूचे बुडबुडे तयार होऊन गंभीर विकार संभवतो. वर येण्यापूर्वी खुणेचा फुगा पृष्ठभागावर सोडावा.

अवशेषांतील कोणतीही वस्तू हलवू नये. वस्तूची मूळ जागा नष्ट झाल्यास जहाज कोणत्या काळातील व कसे बुडाले, याचा पुरावाही नष्ट होतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ लागू होऊ शकतो. एखादी नवी वस्तू दृष्टीस पडल्यास तिचे छायाचित्र घ्यावे, स्थान व खोली नोंदवावी आणि ही माहिती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेस किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागास कळवावी.