ईजिप्तचे सार्वजनिक कर्ज

ईजिप्तच्या शासनाने एकोणिसाव्या शतकात परदेशांत उभारलेले व अखेरीस त्या देशाच्या स्वातंत्र्यावरच बेतलेले कर्ज. पहिले विदेशी कर्ज १८६२ मध्ये सैद पाशाने काढले. तथापि कर्जाची खरी वाढ इस्माइल पाशाच्या कारकीर्दीत (१८६३–७९) झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे ईजिप्शियन कापसाला चढा भाव येत होता. १८६५ मध्ये युद्ध संपले व भाव कोसळले; कालवे, लोहमार्ग व दरबारी डामडौल यांवरील खर्च मात्र चालूच राहिला. १८७१ च्या ‘मुकाबला’ कायद्यान्वये सहा वर्षांचा सारा आगाऊ भरणाऱ्या जमीनधारकास पुढील सारा कायमचा निम्मा माफ झाला. उद्याचा महसूल आजच खर्ची टाकण्याचा हा प्रकार होता. १८७३ च्या ३·२ कोटी पौंडांच्या कर्जापैकी प्रत्यक्षात सु. २ कोटीच हाती आले; व्याज मात्र पूर्ण रकमेवर द्यावयाचे होते. सुएझ कालव्याचे भाग १८७५ मध्ये ब्रिटनला सु. ४० लक्ष पौंडांस विकूनही १८७६ मध्ये फेड थांबलीच. त्याच वर्षी यूरोपीय धनकोंच्या हितार्थ ऋणकोश स्थापन होऊन काही प्रांतांचा महसूल व जकात परस्पर त्याकडे जाऊ लागली. इस्माइल १८७९ मध्ये पदच्युत झाला. १८८० च्या कायद्याने महसुलाचा जवळजवळ निम्मा भाग कर्जफेडीस बांधला गेला. कर्ज काढताना ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्या फेल्लाह शेतकऱ्यांवरच त्याचा मुख्य भार पडला. परकीय नियंत्रणाविरुद्धच्या असंतोषातून उराबी पाशाचा उठाव झाला. तो मोडून १८८२ मध्ये ब्रिटिशांनी देश व्यापला. ऋणकोश १९४० पर्यंत टिकून होता.