चालण्याचे टार्गेट प्रत्येकाचे वेगळे का असावे?

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या रुग्णाला आम्ही डॉक्टर सर्रास सांगतो, "रोज दहा हजार पावले चाला." हा आकडा रुग्णांच्या तपासणीतून निघालेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावातच 'दहा हजार पावले' होते. चालणे चांगलेच; पण हा आकडा तुमच्यासाठी काढलेला नाही.

तुमच्या घरातील कोणी चाकण किंवा भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम करत असेल, तर पुढचा भाग त्यांना लगेच कळेल. भट्टीतला सेन्सर तापमान मोजतो, कंट्रोलर ते ठरवलेल्या तापमानाशी ताडून पाहतो आणि हीटर कमी-जास्त करतो. पण एक भट्टी पटकन तापते, दुसरी उशिरा. म्हणून इंजिनिअर आधी पॉवर थोडी वर-खाली करून त्या भट्टीचा स्वभाव पाहतो, मग सेटिंग ठरवतो.

अमेरिकेत डॅनियल रिव्हेरा हे केमिकल इंजिनिअर आणि एरिक हेकलर हे आरोग्य-वर्तनाचे अभ्यासक यांनी हेच चालण्याच्या बाबतीत करून पाहिले. त्यांच्या 'जस्ट वॉक' अ‍ॅपमध्ये रोजचे टार्गेट मुद्दाम बदलत ठेवले होते, कधी सोपे, कधी अवघड. त्यावरून प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र गणित मांडले. कोणाच्या चालण्यावर सुट्टीचा परिणाम दिसतो, कोणाच्या ताणाचा. ही पद्धत अजून संशोधनातच आहे, पण तिचा गाभा घरी वापरता येतो.

आधी दोन आठवडे काहीही न बदलता रोजची पावले वहीत लिहा आणि शेजारी पाळी लिहा: फर्स्ट, सेकंड, नाइट. आपल्या भागात हा कॉलम सर्वांत महत्त्वाचा. नाइटच्या आठवड्यात पावले निम्मी होत असतील तर तो आळस नव्हे. त्या आठवड्याचे टार्गेट वेगळे ठेवा. मग नेहमीच्या आकड्यात काही दिवस पाचशे, काही दिवस हजार-दीड हजार पावले वाढवून बघा. कोणते टार्गेट पूर्ण होते आणि कोणत्या टार्गेटनंतर दुसऱ्या दिवशी चालणेच बंद पडते, हे महिनाभरात दिसू लागेल. रविवारी एकदम खूप चालून बुधवारपर्यंत पाय धरून बसणारे बरेच जण असतात.

घाईने सेटिंग बदलू नका. एचबीए१सी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आज चाललात तर उद्या ती हलणार नाही. एका सकाळच्या साखरेवरून टार्गेट दुप्पट करणे म्हणजे भट्टी तापायच्या आत पुन्हा पॉवर वाढवणे. औषधाचा डोस तर स्वतःहून कधीच बदलू नका.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर चालणे वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा. घाम, थरथर, धडधड जाणवली तर थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांत साखर तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा घ्या. छातीत दुखले किंवा दम लागला तर चालणे थांबवा आणि लगेच रुग्णालयात जा. पाय बधिर असतील तर सेफ्टी शूज काढल्यावर रोज तळवे पाहा, फोड आला तरी दुखत नाही. पुढच्या भेटीला रिपोर्टबरोबर ती वहीही आणा.