पहिल्या पानावरचा चित्रकार

गॅलरीच्या वेबसाइटवर चित्रकाराचं पान कसं तयार होतं, हे मी आतून पाहिलंय. मुंबईतल्या एका गॅलरीचं काम आमच्या टीमकडे आलं. मागणी साधी होती: चित्रकार भरपूर, परिचय लिहायला माणूस नाही, तेव्हा नाव टाकलं की सर्च इंजिनवर सापडणारी माहिती, फोटो आणि बातम्या आपोआप पानावर याव्यात. कोडच्या हिशेबानं दोन दिवसांचं काम. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टसुद्धा अनेक कलाकारांच्या पानावर विकिपीडियाचा उतारा दाखवतं. फक्त तो विकिपीडियाचा आहे, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

पूर्वी ही ओळख माणूस करून द्यायचा. १९६३ साली दिल्लीत 'ग्रुप १८९०' या चित्रकारांच्या गटाचं प्रदर्शन भरलं. उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं आणि कॅटलॉगसाठी लिहिलं ऑक्टाव्हिओ पाझ यांनी. ते तेव्हा मेक्सिकोचे भारतातले राजदूत होते, कवी तर होतेच. अशा लिखाणाखाली नाव असायचं. लिहिणाऱ्याची आवड, दोस्ती, पक्षपात, सगळं त्या नावाच्या खात्यावर जमा. गॅलरीवाल्यानं स्वतः लिहिलं तर ती जाहिरात आहे, हेही वाचणाऱ्याला कळायचं.

सर्च इंजिनच्या ओळखीखाली कुणाचंच नाव नसतं. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. एखाद्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात आणि बोट दाखवणाऱ्यांचं स्वतःचं वजन किती, यावर त्या पानाचं वजन ठरतं. संशोधनात एखाद्या पेपरचा संदर्भ कितीजणांनी दिला ते मोजतात, तसंच काहीसं. आता त्यात इतर बऱ्याच गोष्टी मिसळल्यात. तरी शिव्या देणाऱ्यानं दिलेली लिंकही लिंकच असते. आणि चित्रकाराबद्दल सगळ्यात जास्त लिंका कधी पडतात? भांडण झालं की, किंवा कोटींचा आकडा आला की.

याचं ठसठशीत उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं आहे. मी वेळापूरचा. माउलींची पालखी आमच्याकडून निघाली की भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. त्या पंढरपुरात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले. लहानपणीच इंदूरला गेले, पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले, १९६७ मध्ये 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' या लघुपटासाठी बर्लिनचं गोल्डन बेअर मिळवलं. आता त्यांचं नाव शोधा. १९९६ पासूनचे वाद, २००६ मध्ये देश सोडणं, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व, लिलाव. यातलं काहीच खोटं नाही आणि लपवायचंही कारण नाही. पण मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्याविरुद्धची अश्लीलतेची प्रकरणं रद्द केली, हे आरोपांइतक्या मोठ्या आवाजात कुणी सांगितलं नाही, म्हणून मशीनलाही ते तेवढ्या मोठ्यानं ऐकू येत नाही. चित्रकार पंचाण्णव वर्षं जगला आणि त्यातली शेवटची पंधराच वर्षं समोर येतात. गॅलरीनं हेच उचलून आपल्या पानावर लावलं, तर त्यावर गॅलरीचा शिक्का बसतो.

दुसरी अडचण नावांची. 'ग्रुप १८९०'मध्येच अकोल्यात जन्मलेले अंबादास होते. आडनाव खोब्रागडे, पण ओळखले गेले ते नुसते अंबादास म्हणून. पुढे नॉर्वेत स्थायिक झाले, २०१२ मध्ये ऑस्लोत वारले. देवनागरीत नुसतं 'अंबादास' टाइप करून बघा: राजकारण भेटेल, चित्र शोधत बसावं लागेल. हुसेन लिहा, हुसैन लिहा, रोमनमध्ये एक एस घाला की दोन, प्रत्येक वेळी रांग थोडी हलते. आणि माणसांनी बसून लिहिलेली मराठीतली माहिती तर बरीचशी छापील आहे. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड २०१३ चा. असा जाडजूड ग्रंथ कपाटात असतो, क्रॉलर कपाट उघडत नाही.

मी गॅलरीला सुचवलं: जन्म, गाव, शिक्षण एवढंच आपोआप घ्या आणि कुठून घेतलं ते लिहा. परिचय माणसाकडून लिहून घ्या, खाली त्याचं नाव आणि तारीख टाका. शोधाचे निकाल हवेच असतील तर शेवटी, वेगळ्या रंगात. खर्च वाढला म्हणून थोडी कुरकुर झाली.

मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचं १९५४ चं 'ग्राम यात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरना गेलं. बातम्यांच्या मथळ्यात तो आकडा होता. चित्र जवळजवळ चौदा फूट लांब आहे, ते कित्येक वर्षं ऑस्लोच्या एका हॉस्पिटलात होतं. त्यात तेरा चौकटी आहेत, खेड्यातल्या रोजच्या जगण्याच्या. एका चौकटीत शेतकऱ्याचा हात चौकट ओलांडून शेजारच्या चित्रातली जमीन तोलून धरतो.