जुन्या गाडीचा गिअर अडकतोय? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

वसई : पावसाळ्यात वसई तालुक्यातल्या सखल रस्त्यांवर पाणी साचतं. गिरीज परिसरातली जुनी गाडी अशा पाण्यातून गेली की काही दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, गिअर झटके देऊ लागतो. मग आधी सेन्सर, नंतर क्लच असा खर्च वाढत जातो. तो टाळायचा तर पुढील क्रमाने तपासणी करा.

बॅटरी : इंजिन बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. व्होल्टेज पडलं किंवा अर्थिंग सैल असलं, तर चांगला सेन्सरही चुकीचं रीडिंग देतो.

कोड : स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला स्कॅनर लावा. पी०५०० म्हणजे वेगाच्या सेन्सरची तक्रार, पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरची. कोड सर्किट दाखवतो. सेन्सरच गेला असं नाही. आधी कपलर काढून गंज, ओल, उंदराने कुरतडलेली वायर बघा.

गिअर : मॅन्युअल गाडीत इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू असताना अडकतात? मग क्लच पूर्ण सुटत नसावा. बंद असतानाही अडकले तर केबल, लिंकेज तपासा. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. ऑटोमॅटिकमध्ये वेगाच्या सेन्सरमुळेही झटके बसतात.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, गाडी फिरवून पुन्हा स्कॅन करा. चालताना गिअर आपोआप निसटत असेल, तर गाडी महामार्गावर काढू नका.