कम्पायलरच्या कमेंटमधलं स्पेलिंग सुधारताना

जीसीसी, क्लँग यांसारख्या कम्पायलरच्या सोर्स कोडमध्ये हजारो कमेंट्स असतात आणि त्यांत स्पेलिंगच्या चुकाही सापडतात. कमेंटमधून मशीन कोड तयार होत नाही, मग ती सुधारायची कशाला? कारण ती माणसांसाठी असते. आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने जीसीसीची अंतर्गत रचना शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. असा कोड नव्याने वाचणाऱ्याला कमेंटचाच आधार असतो. शिवाय चुकीचा लिहिलेला शब्द सर्चमध्ये सापडत नाही.

'कोडस्पेल' हे मोफत टूल नेहमीच्या चुका शोधून देतं. पण ते सुचवेल ते डोळे झाकून बदलू नका. काही कमेंट्स यंत्रही वाचतं:

• क्लँगच्या टेस्ट फाइल्समध्ये 'चेक' असलेली कमेंट म्हणजे टेस्टची सूचनाच. त्यातलं अक्षर बदललं तर टेस्ट फेल होऊ शकते.
• स्विचमध्ये ब्रेक मुद्दाम गाळला असेल तर 'फॉल थ्रू' अशी कमेंट लिहितात. जीसीसी 7 (2017) पासून ती ओळखून कम्पायलर त्या जागी वॉर्निंग देत नाही.

म्हणून फक्त कमेंट बदला, फंक्शनच्या नावांना हात लावू नका. टेस्ट चालवून बघा. आणि स्पेलिंगचा पॅच वेगळाच पाठवा, म्हणजे तपासणाऱ्याला तो पटकन वाचता येतो.