ताहराबादचे स्वप्न

संतचरित्रकार महिपती (१७१५–१७९०) हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. तुकोबांनी स्वप्नात येऊन त्यांच्यावर अनुग्रह केला, असे परंपरा सांगते. तुकोबा १६५० सालीच गेलेले. तेव्हा जागेपणी भेट होणे शक्यच नव्हते. खुद्द तुकोबांनाही बाबाजींचा गुरुमंत्र मिळाला तो स्वप्नातच! इतिहासाच्या अभ्यासकाने अशा साक्षीचे काय करावे? ती थोतांड म्हणून टाकावी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ही घाई वाटते.

स्वप्नाची साक्ष शास्त्रज्ञांना तरी कशी मिळते, ते पाहा. शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावून रात्रभर नोंद घेतली, तेव्हा झोपेत मधूनमधून मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे झपाझप हलतात असे दिसले. या झोपेला पुढे ‘रेम’ निद्रा हे नाव पडले. १९५३ साली त्याने व नॅथनियल क्लाइटमन याने निष्कर्ष छापला: डोळे हलत असता प्रौढांना २७ वेळा उठवून विचारले, त्यांत २० वेळा तपशीलवार स्वप्न सांगण्यात आले, डोळे स्थिर असता २३ वेळा विचारले, तर १९ वेळा काहीच आठवेना. ही निद्रा सुमारे दीड तासाने फिरून येते आणि पहाटेकडे लांबत जाते. आपल्याकडे पहाटेच्या स्वप्नाला एवढा मान का, याचे एक कारण त्या साखरझोपेत सापडावे. ते स्वप्न खरे होते की नाही, हा प्रश्न निराळा. पण जाग जवळ असल्याने ते ध्यानात राहते.

रेम म्हणजेच स्वप्न, असे समीकरण मग रूढ झाले. ते टिकले नाही. डेव्हिड फोक्स याने १९६२ साली “स्वप्न पडले काय?” असे न विचारता “मनात काय चालले होते?” असे विचारले, आणि इतर झोपेतूनही पुष्कळ मजकूर निघाला. पुढे मार्क सोल्म्स याने मेंदूला इजा झालेले असे रुग्ण दाखवून दिले, की ज्यांची स्वप्ने थांबली होती, परंतु ज्या भागातून रेम निद्रा चालते तो शाबूत होता. यंत्र डोळे मोजते; स्वप्न मात्र जागा झालेला माणूसच सांगतो.

तुकोबांनी ते कसे सांगितले? तिथी माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. आणि गुरूंनी भोजनास पावशेर तूप मागितले, ते आपण स्वप्नातच विसरलो! केवळ थोरवीसाठी कथा रचणारा हे तूप कशाला आणील? स्वप्नात कोण आले, याचा निवाडा आम्ही करणार नाही. महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ आणि १७७४ साली ‘भक्तलीलामृत’ पुरे केले; या दुसऱ्या ग्रंथात पंचविसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंतचे अध्याय तुकोबांचे आहेत.